बुवांचं चॅनेल आणि विरारचं गिऱ्हाईक

मी चॅनेलं चालवायचो असं सांगितलं की समोरचा माणूस मला आधी वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. हा पासष्टीकडे झुकलेला, ढगळ शर्टातला गृहस्थ पडद्यावर नक्की काय करत असेल, असा प्रश्न त्याच्या तोंडावर उमटतो. त्याला सांगावं लागतं की बाबा, मी पडद्यावर कधीच नव्हतो. मी मागे असायचो. आधी लग्नांच्या मागे होतो, मग चॅनेलांच्या मागे.

रत्नागिरीत बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझा स्टुडिओ. अर्धं आयुष्य मी लग्नांची शूटिंगं केली. वरमाला पडताना फुलं उडवायची, सासरी निघालेल्या मुलीच्या पाठी सनईचा करुण सूर टाकायचा, एवढ्या भांडवलावर दोन मुलांची शिक्षणं झाली. पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि नवरदेवाचा आतेभाऊच शूटिंग करायला लागला. स्टुडिओत माश्या मारण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून मी लोकांना इंटरनेटच्या साईटवर व्हिडिओंची चॅनेलं काढून द्यायला लागलो. त्यांच्याकडे दाखवायला काहीतरी असायचं, माझ्याकडे कॅमेरा आणि कात्री. जे मिळेल त्यात निम्मे त्यांचे, निम्मे माझे.

त्यावर ठरलेला प्रश्न येतो की पैसे देतं कोण. बघणारा तर छदाम देत नाही. देतो तो जाहिरातवाला. व्हिडिओच्या आधी, मधे त्याची जाहिरात लागते, त्याचे तो साईटला पैसे मोजतो, साईट आपला वाटा ठेवून उरलेले आपल्याला देते. पण तेही पहिल्या दिवसापासून नाही. आधी पुरेशा लोकांनी चॅनेल धरायला हवं, पुरेसे तास ते बघायला हवं. तोवर घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या. शिवाय बघणाऱ्या-बघणाऱ्यात फरक असतो. दुबई-कुवेतला बसून बघणारा म्हणजे पापलेट, त्याच्यापुढच्या जाहिरातीचा दर चढा. गावातून बघणारा बांगडा. पण धंदा तारतो तो बांगडाच, कारण तो रोज येतो. दिवाळीच्या तोंडावर जाहिरातींना उधाण येतं, जानेवारीत ओहोटी लागते. हे सगळं मला कोणी शिकवलं नाही, ठेचा खात शिकलो.

आणि एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. किती लोकांनी बघितलं यापेक्षा किती वेळ बघितलं, याला तिथे जास्त मोल असतं. साईट आपल्याला एक रेघ काढून दाखवते. रेघ जिथे घसरते तिथे लोक उठून गेले असं समजायचं. लग्नाच्या पंगतीत वाढपी जसा पानं बघून ओळखतो, तसा मी त्या रेघेवरून ओळखायला लागलो.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. दाभोळचे हसनचाचा हे त्यातले पहिले. स्वतःची होडी, समुद्रात हयात गेलेली. मासेमारीचं चॅनेल काढलं, पण जाळं टाकायची वेळ आली की चाचा माझा कॅमेरा धरून सरळ आभाळाकडे वळवायचे. किनाऱ्यावरची कुठली टेकडी, कुठलं झाड दिसलं तर बघणाऱ्याला माशांची जागा कळेल ही भीती. मी चिडायचो. चाचा शांतपणे म्हणायचे, "मासा दाखव, जागा दाखवाची नाय." अर्धा व्हिडिओ नुसतं आभाळ आणि मागे खलाशांच्या हाळ्या. गंमत म्हणजे लोकांना तेच आवडलं. आखातातली पोरं लिहायची की चाचा, आभाळ जरा जास्त दाखवा, गावचं वाटतं.

पण मला लिहायचं आहे ते गोविंदबुवांबद्दल. बुवा जाऊन आता दोन गणपती झाले.

बुवा लांज्याकडच्या एका वाडीतले, भातशेती करणारे, आणि आमच्या भागातले नावाजलेले शक्ती-तुऱ्याचे शाहीर. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन पक्ष असतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. मधे ढोलकी, झांज आणि शाहीर बसतात, त्यांच्याभोवती पायात चाळ बांधलेले गडी गोल फेर धरून नाचतात. आधी गण, मग गवळण, मग खरा सामना. एका शाहिराने गाण्यातून पुराणातला सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा आणि वर दोन टोमणे हाणायचे. पंच नसतो. कोण हरलं ते पब्लिकला बरोबर कळतं. आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव येतं, त्याच्याआधी त्याच्या गुरूचं. बुवांचे गुरू राघूबाबा. म्हणून बुवांचं प्रत्येक गाणं "राघूबाबांचा गोविंद बोले" या ओळीवर येऊन थांबायचं. समोरच्या पक्षाने त्या नावाला हात लावायचा तो फक्त खिल्ली उडवायला, असा रिवाज.

बुवा तुरेवाले. गाणी सगळी तोंडपाठ. साथीला बसणाऱ्यांना फक्त धृपद यायचं, कडवी एकट्या बुवांच्या डोक्यात. शिष्य करायचा तर त्याने देवळात येऊन नारळ द्यायचा, गुरूने तो घ्यायचा, मगच कडवी मिळणार. बुवांचा मुलगा मुंबईला गोदीत कामाला, त्याला यात रस नव्हता. वाडीतली दोन-तीन पोरं आली, पण नोकरी लागली तशी पांगली. एकदा गावातल्या कोणीतरी आपल्या मुलीला शिकवाल का म्हणून विचारलं, तर बुवांनी बाईमाणसाला आमच्यात नारळ नाही म्हणून वाटेला लावलं. बुवांचं वय सत्तरीपुढे गेलं आणि नारळ घेऊन येणारं कोणी उरलं नाही. राघूबाबांपासून आलेलं आपल्याबरोबर संपणार, हे त्यांच्या जिव्हारी लागलेलं होतं. चेष्टा करता करता मधेच ते हा विषय काढायचे.

चॅनेल काढायची कल्पना माझी. पहिला व्हिडिओ बुवांच्या खळ्यात घेतला, एक जुना गण. माझी लग्नातली सवय, मी सटासट तुकडे कापून, पाठी रंगीबेरंगी पाट्या नाचवून टाकला. रेघ पहिल्या मिनिटातच कोसळली. दुसऱ्या वेळी वैतागून काहीच न कापता आख्खा सामना टाकला, खोकल्यासकट, मधल्या पान खाण्यासकट. तो चालला. मुंबईतले आमचे चाकरमानी डबा खाताना, भाजी निवडताना तो लावून ठेवायला लागले. त्यांना गावाकडची एक आख्खी बैठक हवी होती, मी त्यांना तिचे चमचमीत तुकडे विकत होतो.

मग दर आठवडी बाजाराला बुवा रत्नागिरीत आले की स्टुडिओत हजर. चष्मा असून मोबाईलवरचं वाचता यायचं नाही, म्हणून खाली आलेले अभिप्राय मी वाचून दाखवायचे. कोणी बुवांच्या आवाजाला दाद दिलेली असायची, कोणी वडिलांची आठवण काढलेली असायची. बुवा डोळे मिटून ऐकायचे आणि संपलं की म्हणायचे, "अजून नाय काय?" त्या दुपारी आजही आठवतात. चहा यायचा, बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं चालायची, आणि आम्ही दोन म्हातारे कोण कुठल्या गावचा म्हणून डोकं लावत बसायचो. व्हिडिओ लावला की आधी जाहिरात यायची. बुवांना तिचा भयंकर राग. कोणी गोरीपान बाई साबण दाखवायला लागली की खेकसायचे, "पुढं ढकल रे मधू तिला." मी समजावायचो की बुवा, त्या बाईच्याच जिवावर आपला चहा चाललाय. ते काही त्यांच्या गळी उतरायचं नाही.

साईट आपल्याला बघणारे कुठले तेही सांगते. त्यात एक चमत्कार दिसायला लागला. विरारहून कोणीतरी बुवांचे सामने रोज लावत होतं. आमचे बाकीचे बघणारे मधेच सुटायचे, पण विरारची रेघ सरळ शेवटपर्यंत जायची. सकाळी एक, दुपारी एक, जुने असले तरी पुन्हा पुन्हा. मी बुवांना सांगितलं की तुमचं एक नंबरचं गिऱ्हाईक विरारला बसलंय. बुवा एवढे खूश झाले की कार्यक्रमातसुद्धा सांगायला लागले, आमचा एक भक्त विरारला आहे म्हणून.

हरखलेला माणूस सैल होतो. बुवा आता नवीन रचलेले सवालही खळ्यात बसून आधी व्हिडिओसाठी म्हणायला लागले, जवाबासकट. मी त्यांना हसनचाचांचं आभाळ सांगून बघितलं. म्हटलं, बुवा, जागा दाखवू नका, समोरचा शाहीर पण बघत असेल. बुवांनी मला वेड्यात काढलं.

"आयकणं येगळं नि शिकणं येगळं," ते म्हणाले. "नारळ दिल्याबिगर इद्या येत नाय."

आता मागे वळून बघताना वाटतं, त्यांच्या जागी कोणीही जुना शाहीर असता तर हेच म्हणाला असता. त्यांच्या जगात गाणं एकदा कानावरून जायचं आणि वाऱ्यावर जायचं. तेच गाणं एक माणूस घरी बसून शंभर वेळा ऐकू शकतो, ही गोष्ट त्यांच्या हिशेबातच नव्हती.

पुढच्या गणपतीनंतर मुंबईत रविवारचा दुपारचा सामना ठरला. समोर शक्तीवाल्यांकडून शाहीर सुचिता. बायका आता या खेळात उतरल्या होत्या आणि त्यांना गर्दीही होत होती, पण बुवांची ही पहिलीच वेळ. पोरगी पस्तिशीची, अंगाने बारीक, आवाज खणखणीत. बुवांनी ठेवणीतला सवाल काढला. समुद्रमंथनाला दोर म्हणून वासुकी गेला, तेवढा काळ महादेवाच्या गळ्यात कोण होतं? त्यांचं शेवटचं कडवं संपायच्या आत तिने ढोलकीवाल्याला खूण केली आणि जवाब सुरू. दुसऱ्या सवालालाही तेच. तिसऱ्याला पब्लिक हसायला लागलं. टोमण्यात तिने फारसं काही म्हटलं नाही, एवढंच की बुवांचा विरारचा भक्त समोरच बसलाय, त्याला ओळखा.

बुवांनी ओळखलं.  दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आले आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले की सगळं काढ. मी म्हटलं, बुवा, एवढ्या वर्षांची मेहनत आहे, यातले तास एकदा गेले की परत येत नाहीत. ते म्हणाले की चोराला घराची किल्ली आपणच दिली, आता कुलूप तरी लाव. मी व्हिडिओ पुसले नाहीत, पण कोणाला दिसणार नाहीत असे झाकून ठेवले. मला फार वाईट वाटलं. पैशाचं वाटलंच, खोटं कशाला बोलू. पण आमच्या दुपारी गेल्या त्याचं जास्त वाटलं.

चार-आठ दिवसांनी फोन आला. दादा, बुवांचे व्हिडिओ दिसत नाहीत, काही बिघाड झालाय का? सुचिताच होती. मी तिला बरंच ऐकवलं. तिने ऐकून घेतलं. मग सांगितलं की ती कपडे शिवते. दिवसभर हात मशीनवर आणि कान रिकामे. तिला कोणी गुरू मिळाला नव्हता, जिथे गेली तिथे बाई म्हणून परत पाठवलं. कधीतरी बुवांशी सामना पडेल म्हणून तयारीसाठी बघायला लागली, पण ते निमित्त राहिलं बाजूला आणि गाणीच पाठ होत गेली. "सामना जिंकले दादा, पण आता मशीनवर बसवत नाही," ती म्हणाली. "खोली मोकळी मोकळी वाटते."

मी हे बुवांना सांगितलं. त्यांनी विषय बदलला.

वर्षभराने तोच सामना रत्नागिरीत ठरला, दुपारीच, भरलेल्या सभागृहात. सगळ्या तालुक्याला कळलेलं होतं की म्हातारा उट्टं काढायला येतोय. बुवांनी नवे सवाल बांधले होते, कोणालाही न ऐकवता. मला कॅमेरा लावू दिला, पण अट घातली की टाकायचं नाही. पावसाळाभर त्यांचा खोकला हटला नव्हता. हरलो तर हा शेवटचा, असं ते मेकअपच्या खोलीत मला म्हणाले. मग त्यांनी डोक्याला फेटा बांधला.

बुवांनी सुरुवात केली ती राघूबाबांच्या जुन्या गणाने. आमच्या पहिल्या व्हिडिओतलाच गण, पुढेही सामन्यांत आख्खा आलेला. पहिलं कडवं चांगलं गेलं. दुसऱ्या कडव्यात आवाज चिरकला, आणि तिसरं उचलायला त्यांनी तोंड उघडलं तर नुसती हवा आली. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. ढोलकी थांबली नाही, फेर धरलेले गडी फिरतच राहिले. साथीदारांनी धृपद म्हटलं, परत म्हटलं, आणि एकमेकांकडे बघायला लागले, कारण पुढचं कडवं कोणालाच येत नव्हतं. मागच्या रांगांतून शिट्ट्या सुरू झाल्या. कॅमेऱ्याच्या भिंगातून मला बुवांचा चेहरा जवळून दिसत होता. लहान मूल जत्रेत हरवतं तसा झाला होता तो. मी कॅमेरा बंद करायला हात पुढे नेला.

तेवढ्यात तिसरं कडवं ऐकू आलं. बाईच्या आवाजात.

सुचिता आपल्या जागेवरून उठलीसुद्धा नव्हती. बसल्या ठिकाणी, माईक तोंडाशी धरून, समोरच्या पक्षाचा गण ती म्हणत होती. बुवा जिथे श्वास घेत तिथे श्वास, जिथे शब्द ओढत तिथे ओढ. शिट्ट्या थांबल्या. सगळ्यांना वाटलं की शेवटी नाव येईल तिथे ती टोमणा मारणार, मलाही तेच वाटलं. चौथं कडवं संपलं. शेवटचं आलं. तिने माईक खाली ठेवला, दोन्ही हात जोडले आणि उघड्या आवाजात म्हटलं, "राघूबाबांचा गोविंद बोले."

सभागृह उठून उभं राहिलं. त्या दिवशी सवाल-जवाब झालेच नाहीत. मी धंद्यात शेकडो लेकींची पाठवणी कोरड्या डोळ्यांनी चित्रित केली आहे, पण त्या दिवशीचं चित्र हललेलं आहे.

पडद्यामागे बुवा खुर्चीवर बसून होते. ती आली, वाकली. बुवा घोगऱ्या आवाजात जेमतेम म्हणाले, "नारळ न देता शिकलीस."

"आता दिला तर चालंल, बुवा?" तिने विचारलं. इतका वेळ मुंबईचं बोलणारी ती पोर त्या वाक्याला आमच्यातली झाली. बुवा उठले, फेटा सोडला आणि गाडीत जाऊन बसले.

दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला की टाक. झाकलेलं सगळं उघड आणि हेही टाक.

टाकलं. आमच्या चॅनेलवर तेवढं कधीच काही बघितलं गेलं नव्हतं. आणि त्याचा एक पैसा आम्हाला मिळाला नाही. झालं असं की राघूबाबांनी तो गण बांधला होता एका जुन्या सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर. आमच्याकडे सर्रास बांधतात, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. पण साईटकडे चाली ओळखणारं यंत्र असतं. आधी कधी त्याचं लक्ष गेलं नव्हतं, पण एवढं बघितलं गेल्यावर त्याने चाल ओळखली आणि जाहिरातीचे पैसे त्या गाण्याच्या मालकाकडे वळवले. कायद्याने बरोबरच होतं. साईटने मला उपायही सुचवला, तेवढा गाण्याचा भाग कापा, पैसे तुम्हाला. बटण समोर होतं. कापून काय उरणार होतं? एक म्हातारा तोंड उघडतो आणि नंतर लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. मी कात्री चालवून जगलेला माणूस, पण ते बटण मी दाबलं नाही. बुवांना सांगितलं तर ते हसले, म्हणाले की राघूबाबांचं जुनं देणं फिटलं.

सुचिता मार्गशीर्षात वाडीवर आली, नारळ घेऊन. बुवांनी तो देवळात सगळ्यांसमक्ष घेतला. गावातल्या एक-दोघांनी कुरकुर केली. तुरेवाल्याने शक्तीवालीचा, त्यातून बाईचा नारळ कसा घेतला म्हणून. बुवांनी त्यांना तुमच्यापैकी कोणाला कडवी येतात असं विचारल्यावर विषय मिटला. त्यानंतर ती सुट्टी काढून येत राहिली. बुवांचा आवाज परत आला नाही, पण शिकवायला पुरेसा होता.

आता स्टुडिओ मी भाड्याने दिलाय. हल्ली लोकांना मिनिटभराचे व्हिडिओ लागतात, अंगठ्याने वर सरकवायचे. त्यांचे पैसे चिमूटभर आणि आख्खी बैठक त्यात मावत नाही. माझं काम नव्हे ते.

पण शेवटची एक दुपार सांगायची राहिली. बुवा अंथरुणाला खिळायच्या आधी एकदा स्टुडिओत आले. सुचिताने स्वतःचं चॅनेल काढलं होतं आणि त्यावर जाहिराती लागण्याइतके लोकही जमले होते. स्वतः रचलेलं पहिलं गाणं, चालही तिचीच, उसनी नव्हे. मी ते मोठ्या पडद्यावर लावलं. बुवा काठीवर हनुवटी टेकून बसले. कडवी संपत आली तसे ते पुढे सरकले. शेवटची ओळ आली, "गोविंदबुवांची सुचिता बोले."

बुवा म्हणाले की परत लाव.

परत लावलं तर आधी जाहिरात आली. तीच ती साबणवाली बाई. मी सवयीने पुढे ढकलायला बोट नेलं, तर बुवांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हावंदे रे मधू," ते म्हणाले. "पुरी बघू. पोरीला दोन पैसं भेटतील."